पडद्यापलीकडची मुलाखत

आपल्याकडे एमबीबीएसनंतर एमडी-एमएसला जायचं तर नीट-पीजीचा क्रमांक आणि समुपदेशनाच्या फेऱ्या. मुलाखत कोणी घेत नाही. अमेरिकेत मात्र तिच्यावर बरंच काही अवलंबून असतं. तिथल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाला रेसिडेन्सी म्हणतात. अर्ज पाहून इस्पितळं मोजक्यांना मुलाखतीला बोलावतात. मग उमेदवार इस्पितळांची आणि इस्पितळं उमेदवारांची पसंतीक्रमाने यादी देतात, दोन्ही याद्या संगणक जुळवतो आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल कळतो. याचं नाव 'मॅच'. ही पद्धत १९५२ पासून आहे.

पूर्वी प्रत्येक मुलाखतीला स्वतःच्या खर्चाने जावं लागे. भारतातल्या उमेदवाराला व्हिसा, विमान, हॉटेल, सगळंच आलं. कोविडमुळे २०२०-२१ चा पूर्ण हंगाम पडद्यावर झाला आणि नंतरही बहुतेक ठिकाणी तीच रीत राहिली. माझी मावसबहीण बेळगावात घरी बसून मुलाखती देते आहे, ती यामुळेच. मावशी-काकांना कर्ज काढावं लागलं नाही, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

पण प्रवास गेला तसा मुलाखत स्वीकारताना लागणारा विचारही कमी झाला. इथे खरंच यायचंय कुणाला, हे इस्पितळाला कळेना. म्हणून 'सिग्नल' आले: अर्जाबरोबर मोजक्याच ठिकाणांना 'मला तुमच्याकडे विशेष रस आहे' असं कळवायचं. कान-नाक-घसा शाखेने २०२०-२१ मध्ये याची सुरुवात केली, मग इतर शाखा आल्या. उमेदवाराचंही नुकसान आहेच. वॉर्डातलं वातावरण, जेवणाच्या सुट्टीत रेसिडेंट एकमेकांशी कसं बोलतात, हे पडद्यावर दिसत नाही. रेसिडेंटांबरोबर वेगळी ऑनलाइन बैठक असते, ती म्हणूनच चुकवू नये. 'इथे कसं वाटतं?' असं विचारलं की गोड उत्तर मिळतं. 'गेल्या आठवड्यात रात्रपाळ्या किती झाल्या?' असं विचारावं.

वेळेचा घोळ वेगळाच. न्यूयॉर्कची सकाळी ८ ची मुलाखत ऑक्टोबरात आपल्याकडे संध्याकाळी ५:३० ला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात, की तीच ६:३० ला!

आणखी एक, जे पुष्कळांना पटत नाही. यादी करताना 'ते मला घेतील का' हा हिशेब करू नये, मनातला खरा क्रम लिहावा. उमेदवाराच्या पसंतीपासून जुळणी सुरू होते, त्यामुळे वरचं स्वप्न हुकलं तरी खालची संधी कमी होत नाही. ही जुळणी नव्याने बांधणारे ॲल्विन रॉथ यांना लॉइड शॅप्ली यांच्यासह २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मंडळातल्या आपल्याला रस वाटेल ती गोष्ट भाषेची. सराव घेताना ताईला विचारलं, कठीण रुग्ण कसा हाताळलास? ती म्हणाली, "आम्ही सलाइन लावलं, सरांना कळवलं." मराठी घरातला हा 'आम्ही' मला आवडतो, स्वतःची टिमकी वाजवू नये, हेच तर शिकलो आपण. मुलाखत घेणाऱ्याला मात्र तिने स्वतः काय केलं ते हवं असतं. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "रक्तदाब उतरतोय हे आधी माझ्या लक्षात आलं." मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली. ही गोष्ट तिनेही पहिल्यांदाच ऐकली होती.