नव्या खोलीतल्या संगणकांना पत्ता मिळेना

प्रश्न : शाळेची नवी संगणक खोली राउटरमार्फत वेगळ्या नेटवर्कवर जोडली. जुन्या खोलीत आयपी पत्ते आपोआप मिळतात. इथे सगळीकडे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. दुसरा सर्व्हर घ्यावा लागेल का?
– एक शिक्षक, हट्टा (जि. हिंगोली)

उत्तर : नाही सर, खर्च करू नका. संगणकही बिघडलेले नाहीत. पत्ता देणारं कुणी सापडलं नाही की विंडोज स्वतःच तसा पत्ता घेतं. सुरू होताच संगणक ‘पत्ता द्या’ अशी हाक सगळ्यांना मारतो, पण ती हाक राउटर ओलांडत नाही. म्हणूनच डीएचसीपी रिले असतो. तो विनंती थेट सर्व्हरकडे पोचवतो आणि ती कुठल्या नेटवर्कमधून आली तेही कळवतो.

राउटरवर नव्या खोलीच्या बाजूला रिले सुरू करून सर्व्हरचा पत्ता भरा. सर्व्हरवर त्या खोलीसाठी पत्त्यांचा वेगळा संच हवाच, त्याच खोलीच्या गेटवेसह. बहुतेकदा हेच राहून जातं. रिलेची सोय नसेल, तर त्या खोलीपुरते पत्ते राउटरलाच वाटू द्या.

घाईत घरगुती वाय-फाय राउटर मात्र मध्येच जोडू नका. तोही पत्ते वाटू लागतो, आणि नीट चालणारी जुनी खोलीही अडते.