अनंतातून काही वजा केले तर?

भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यातील ‘बीजगणित’ या भागात शून्याने भागलेल्या राशीला त्यांनी ‘खहर’ म्हटले आहे. तीत कितीही मिळवा वा तीतून कितीही काढा, ती बदलत नाही; प्रलयकाळी सारे जीव अच्युतात लीन होतात, सृष्टीच्या वेळी बाहेर पडतात, तरी तो जसाच्या तसाच. चाळीसगावजवळच्या पाटण येथे, त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. म्हणजे विषय आपल्याच मातीतला. आपण कला शाखेचे विद्यार्थी गणित म्हटले की पळतो, ही गोष्ट वेगळी!

शून्याने भागणे आजच्या गणितात बसत नाही. परंतु ‘कितीही काढा’ हे शब्द तपासून पाहण्याजोगे आहेत.

त्यासाठी आधी मोजणे म्हणजे काय, ते पाहू. माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले. चाकणला कारखान्यात आहेत. प्रत्येक बोल्टला एक नट चढला आणि मागे काही उरले नाही, की दोन्ही सारखे, हे ते न मोजता सांगतात. जर्मन गणिती गेऑर्ग कँटर (१८४५–१९१८) याने अनंत संचांना हीच कसोटी लावली. १ शी २, २ शी ४, ३ शी ६ अशा जोड्या लावत गेल्यास एकही संख्या उरत नाही. म्हणून सम संख्या सर्व संख्यांइतक्याच! अंश पूर्णाएवढा होतो हे गॅलिलिओलाही वर्गसंख्यांच्या बाबतीत १६३८ साली दिसले होते. पण अनंताला ‘कमी, जास्त, समान’ हे शब्द लागूच पडत नाहीत, असे म्हणून तो थांबला. कँटर थांबला नाही.

आता वजाबाकी. १, २, ३… यांतून सम संख्या काढल्या तर विषम उरतात, त्याही अनंत. पण ५ च्या पुढील सर्व काढल्या तर पाचच उरतात. काढलेला संच दोन्ही वेळा तेवढाच अनंत, बाकी मात्र वेगळी! तेव्हा मोजके काढले तरच आचार्यांचे म्हणणे इथे टिकते.

सगळी अनंते तरी सारखी आहेत काय? ० व १ यांमधील सर्व दशांश संख्यांची यादी केली असे समजा. पहिल्या संख्येचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा, असे बदलत (० व ९ टाळून) नवी संख्या लिहा. ती यादीत कुठेच सापडणार नाही. १८९१ सालची ही युक्ती मला फार आवडते.

क्रोनेकरला हे मान्य नव्हते. अनंत बोल्टांचा ट्रे कोणी पाहिला, असेच जणू त्याचे विचारणे होते, आणि ते उडवून लावण्याजोगे नाही. तरीही माझा कौल कँटरला, कारण त्याची युक्ती ट्रे दाखवीत नाही, नियम दाखविते. मात्र या दोन अनंतांच्या मधे तिसरे आहे का, हा त्याचाच प्रश्न. गणिताच्या रूढ गृहीतकांवरून ‘आहे’ असे सिद्ध होत नाही, हे गोडेलने १९४० पर्यंत दाखविले. ‘नाही’ असेही सिद्ध होत नाही, हे कोहेनने १९६३ साली.