थकलेली घरपट्टी आणि अडलेली बांधकाम परवानगी

जुन्या नाशकात भद्रकाली, दूध बाजार, चौक मंडई या भागांत खाली दुकान किंवा कारखाना आणि वर कुटुंबाचे राहणे, अशा जुन्या इमारती पुष्कळ आहेत. इमारत मोडकळीस आली की ती नव्याने बांधायचे ठरते. पैशांची जुळवाजुळव होते, आर्किटेक्ट नकाशा करतो आणि मग कळते की घरपट्टी कित्येक वर्षांची थकलेली आहे. म्हणून व्यापारी व कारागीर बांधवांनी पुढील गोष्टी आधीच समजून घ्याव्यात.

१) थकबाकी मिळकतीला चिकटलेली असते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४१ प्रमाणे मालमत्ता कर हा त्या मिळकतीवरील पहिला बोजा आहे. "थकबाकी वडिलांच्या वेळची आहे" किंवा "आधीच्या मालकाची आहे" असे सांगून सुटका होत नाही. जागा विकत घेतानाही आधी घरपट्टीचा उतारा पाहावा.

२) थकबाकी वाढत राहते. थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. २०,००० रुपये थकले तर महिन्याला ४०० आणि वर्षाला ४,८०० रुपये. ५० महिन्यांत शास्ती मुद्दलाएवढी होते. घरपट्टी १ एप्रिल व १ ऑक्टोबर अशा दोन सहामाही हप्त्यांत देय असते. धंद्याच्या खर्चात तिची तरतूद ठेवावी.

३) हिस्सेदारी असेल तर विशेष काळजी घ्यावी. चार भावांपैकी एकाने आपल्या वाट्याचे पैसे भरले तरी मिळकतीवरील बाकी तशीच राहते. शिवाय घरपट्टीवर नाव असणे म्हणजे मालकी नव्हे. मालकीसाठी सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक पाहिले जाते. त्यावर बहिणींसह सर्व वारसांची नावे लागली आहेत का, हे तपासावे. एका वारसाचीही संमती नसेल तर घरपट्टी भरूनही प्रकरण अडते.

४) कर भरला म्हणजे बांधकाम कायदेशीर झाले, असे नाही. विनापरवाना बांधकामावर कलम २६७-अ प्रमाणे दंड आहे आणि तो भरल्याने बांधकाम नियमित होत नाही.

५) आकारणी चुकीची वाटत असेल तर बिल बाजूला ठेवून देऊ नये. नाशकात २०१८ साली करयोग्य मूल्याच्या दरवाढीवरून आणि मोकळ्या जागांच्या आकारणीवरून मोठा वाद झाला. पण वाद चालू आहे म्हणून बाकी थांबत नाही. आधी पालिकेकडे लेखी तक्रार करावी. कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करता येते. त्याची मुदत १५ दिवसांची आहे आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते.

काय करावे? नकाशाचे काम देण्यापूर्वीच पालिकेच्या विभागीय कार्यालयात मिळकतीच्या इंडेक्स नंबरवरून घरपट्टी व पाणीपट्टीची बाकी काढून घ्यावी. रक्कम भरून पावती व थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. नगररचना विभागाला नेमकी कोणती कागदपत्रे हवीत, याची यादी आर्किटेक्टकडून लेखी घ्यावी. जुन्या पावत्या एका फाईलमध्ये जपून ठेवाव्यात.

जुने घर पाडल्यावर दुकान बंद, भाड्याची जागा चालू, अशा अवस्थेत प्रत्येक महिना महाग पडतो. म्हणून आधी बाकी फेडावी, मग कुदळ मारावी.