रबरी कडीची निवड : द्रव आणि वायू यांच्या बंदोबस्ताचा एक पाठ



पाण्याचा पंप, मोटारीचा ब्रेक, स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर आणि अवकाशात झेपावणारा अग्निबाण या चारही ठिकाणी एक वस्तू समान आहे. ती म्हणजे धातूच्या दोन भागांमधील फट बंद करणारी रबराची कडी. कारखान्यात तिला ओ-रिंग म्हणतात. डेन्मार्कमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले नील्स क्रिस्टेन्सन यांनी १९३७ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला व १९३९ साली ते त्यांना मिळाले. किमतीने ही वस्तू क्षुल्लक असते. म्हणूनच जुनी कडी दुकानदारापुढे ठेवून 'अशीच द्या' एवढे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु काळ्या रबराच्या दोन कड्या मापाने आणि रूपाने सारख्या असूनही गुणाने एकमेकींच्या विरुद्ध असू शकतात. कडी निवडताना माप पाहावेच, परंतु तिला कोणत्या पदार्थाच्या सहवासात, किती उष्णतेत आणि किती दाबाखाली राहावयाचे आहे, हे त्याआधी पाहिले पाहिजे.

कडी झिरप कशी रोखते?

कडीसाठी धातूमध्ये एक खाच कोरलेली असते. खाचेची खोली कडीच्या जाडीपेक्षा थोडी कमी ठेवतात, त्यामुळे जोड आवळला की कडी चेपली जाते. रबर मूळ आकाराकडे परतण्याची धडपड करते आणि दोन्ही पृष्ठभागांना घट्ट टेकून राहते. उदाहरणार्थ, ३ मिलिमीटर जाडीची कडी २.४ मिलिमीटर खोल खाचेत बसविली, तर ती २० टक्के चेपली जाते. न हलणाऱ्या जोडासाठी हे प्रमाण योग्य होय. दांडा मागेपुढे सरकत असेल तर घर्षण वाढू नये म्हणून ते कमी ठेवावे लागते.

पुढे द्रवाचा वा वायूचा दाब वाढला की तो कडीला खाचेच्या एका बाजूस ढकलतो व ती अधिकच घट्ट बसते. म्हणजे ज्याला अडवावयाचे त्याच्याच बळाचा उपयोग कडी करून घेते. मात्र यासाठी रबर लवचिक असले पाहिजे. ते कडक झाले, फुगले किंवा कायमचे चपटे झाले, तर हे कार्य थांबते.

पहिला प्रश्न : सहवास कोणाचा?

नायट्राइल रबर खनिज तेल, डिझेल, ग्रीस आणि स्वयंपाकाचा गॅस यांच्यासमोर टिकते. म्हणून यंत्रशाळेत त्याचा वापर सर्वाधिक असतो. परंतु ऊन आणि ओझोन वायू यांमुळे त्याला भेगा पडतात. विजेच्या मोटारीतील ठिणग्यांमुळे ओझोन तयार होतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

ईपीडीएम या रबराचा स्वभाव याच्या उलट आहे. गरम पाणी, वाफ, ऊन व ओझोन ते उत्तम सोसते. खनिज तेल लागले मात्र ते फुगते आणि मऊ पडते. आता ब्रेकचे उदाहरण घ्या. ज्याला आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो, तो डॉट ३ किंवा डॉट ४ प्रकारचा द्रव खनिज तेल नसून ग्लायकॉल वर्गातील असतो. त्याच्यासाठी बहुधा ईपीडीएमसारखी रबरे वापरतात. 'ऑइल' या नावावर विसंबून कोणी त्यात इंजिन ऑइल ओतले किंवा रबरी भाग रॉकेलने धुतले, तर ती रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होऊ शकतो. नावावरून पदार्थ ओळखू नये, हा धडा येथे मिळतो.

फ्लोरोकार्बन रबर तेल, इंधन आणि सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णता सहन करते. पण ते महाग असते आणि थंडीत लवकर कडक होते. सिलिकोन रबर तीव्र थंडी व उष्णता दोन्ही सोसते; मात्र ते सहज फाटते आणि त्यातून वायू मोठ्या प्रमाणात आरपार जातात. सर्व गुण एका रबरात एकत्र सापडत नाहीत, म्हणून निवड करावी लागते.

दुसरा प्रश्न : तापमान किती?

येथे केवळ कमाल तापमान पाहून चालत नाही. किमानही पाहावे लागते. याची फार मोठी किंमत जगाने मोजली आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्याच्या घन इंधनाच्या अग्निबाणाचे भाग जोडताना सुमारे १२ फूट व्यासाच्या रबरी कड्या बसविलेल्या होत्या. उड्डाणाच्या वेळी हवेचे तापमान सुमारे २ अंश सेल्सिअस होते. इंधन पेटताच दाबाने जोड किंचित उघडला. थंडीने ताठरलेली कडी ती फट वेळेत भरू शकली नाही आणि तप्त वायू बाहेर पडला. जोडाची रचनाही सदोष होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. आदल्या रात्री अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी इतक्या थंडीत उड्डाण करू नये असे सांगितले होते, परंतु त्यांचा सल्ला मानला गेला नाही.

चौकशी आयोगाचे सदस्य व विख्यात भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ते रबर चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडविले. चिमटा सैल केल्यावर ते लगेच मूळ आकारात आले नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येईल अशा या साध्या प्रयोगाने मूळ दोष सर्वांना दिसला.

तिसरा प्रश्न : दाब किती आणि पदार्थ द्रव की वायू?

दाब फार असेल तर मऊ रबर फटीत ओढले जाऊन कुरतडले जाते. रबराचा कडकपणा 'शोअर ए' या मापाने सांगतात. सामान्य कामास ७० पुरेसा, तर मोठ्या दाबास ९० कडकपणाची कडी घेतात किंवा तिच्यामागे कठीण पदार्थाची आधारकडी बसवितात.

वायूंच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. द्रवाचा थेंब डोळ्यांना दिसतो, वायू दिसत नाही. शिवाय मोठ्या दाबाखाली वायू रबरातच मुरतो. दाब एकाएकी काढला तर तो आतल्या आत फुगून रबराला फोड व चिरा पाडतो. अशा ठिकाणी यासाठी खास बनविलेले रबर वापरावे आणि दाब हळूहळू उतरवावा. प्राणवायूच्या जोडाला तर तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये. ते पेट घेऊ शकते.

घरातील कडी

घरगुती १४.२ किलो गॅसच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्येही अशीच एक लहान कडी असते. ती झिजली, तुटली किंवा नसली तर रेग्युलेटर नीट बसूनही गॅस झिरपतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. गळतीची शंका आल्यास साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. काडी पेटवून पाहू नये. वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. ती कडी बदलण्याचे काम गॅस पुरवठादाराच्या माणसानेच करावे. मिळेल ती कडी तेथे बसविणे जिवावर बेतू शकते.

बदलताना घ्यावयाची काळजी

खाच स्वच्छ पुसावी. टोकदार स्क्रू-ड्रायव्हरने कडी उचकटू नये, कारण धातूवरील एक ओरखडाही झिरपेस वाट देतो. बसविताना कडीला पीळ पडू देऊ नये. ईपीडीएमला खनिज ग्रीस किंवा व्हॅसलीन लावू नये. चपटी झालेली कडी पुन्हा वापरू नये. नव्या कड्या अंधाऱ्या, थंड जागी, पाकिटावरील रबराचे नाव पुसले जाणार नाही अशा रीतीने ठेवाव्यात. पाकिटातून काढलेल्या काळ्या कडीचे रबर नुसते पाहून ओळखता येत नाही.

तुमच्यापैकी अनेकजण उद्या आयटीआयमध्ये, पदविका अभ्यासक्रमात, कारखान्यात वा दवाखान्याच्या प्राणवायू विभागात काम करतील. तेथे कडी बदलण्याचे काम बहुधा सर्वांत नवख्या माणसाकडे येते. ते करण्यापूर्वी पदार्थ, तापमान आणि दाब हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर मिळेपर्यंत काम थांबविण्याचे धैर्यही अंगी बाणवावे. त्या जोडाच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाची सुरक्षितता त्यावरच अवलंबून असते.