घरच्या बोलीचा ठेवा : जुन्या चित्रफितींचे डिजिटल रूपांतर

तंजावूरच्या भोसले राजवटीने (१६७६ ते १८५५) मराठीचा मोठा लिखित ठेवा मागे ठेवला आहे. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख आजही पाहावयास मिळतो. दुसरे सरफोजी महाराज यांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ पासून सर्वांसाठी खुले असून तेथे मराठी हस्तलिखिते व मोडी कागदपत्रे जतन केलेली आहेत.

त्या राजवटीच्या आश्रयाने कावेरीकाठी स्थिरावलेल्या कुटुंबांच्या बोलीचे मात्र तसे नाही. जुनी मराठी रूपे आणि तमिळ शब्द यांचा मेळ असलेली ही तंजावूरी मराठी मुख्यतः घरात बोलली जाते. शिक्षण व लेखन बहुधा तमिळ किंवा इंग्रजीत होते. त्यामुळे तिचा पुरावा कागदावर कमी आणि माणसांच्या तोंडी अधिक आहे. १९८० व १९९० च्या दशकांत लग्न, मुंज, साठीशांत अशा प्रसंगी घेतलेल्या व्हिडिओ कॅसेट म्हणूनच मोलाच्या ठरतात. त्यांत वडीलधारी माणसे सहज बोलताना ऐकू येतात. असा ठेवा ज्यांच्या कपाटात असेल, त्यांनी पुढील माहिती अवश्य ध्यानात घ्यावी.

फीत का बिघडते?

चित्रफीत म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी व तिच्यावर बंधकाच्या साहाय्याने बसविलेले चुंबकीय कण. हे बंधक हवेतील ओलावा शोषून घेते व कालांतराने फीत चिकट होते. काही वेळा तिच्यावर बुरशीही धरते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस झेलणाऱ्या कावेरीच्या खोऱ्यात हा धोका अधिक संभवतो. दुसरी अडचण यंत्रांची आहे. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. त्यामुळे आता जुनी, दुरुस्त केलेली यंत्रेच वापरावी लागतात. २०१९ साली युनेस्कोच्या पुढाकाराने चुंबकीय फितींविषयी जागतिक इशारा देण्यात आला, त्याचे कारणही हेच होते.

पूर्वतयारी

प्रथम सर्व कॅसेट एकत्र करून त्यांना क्रमांक द्यावेत. कॅसेटच्या कडेवरील छोटी प्लॅस्टिकची पट्टी तोडून टाकल्यास चुकून पुनर्मुद्रण होण्याचा धोका टळतो. झरोक्यातून पाहिल्यावर फितीवर पांढरी भुकटी आढळल्यास ती कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये; बुरशी यंत्रात शिरून पुढच्या कॅसेटनाही लागते. ती अनुभवी तंत्रज्ञाकडे सोपवावी. चांगली फीत एकदा पूर्ण पुढे व पुन्हा मागे गुंडाळून घ्यावी. यंत्राची पहिली परीक्षा एखाद्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर करावी.

लग्नाच्या चित्रफितींबाबत आणखी एक गोष्ट पाहावी. संकलन करताना छायाचित्रकार अनेकदा मूळ संभाषणावर चित्रपटगीते चढवीत असत. कॅमेऱ्यातील असंकलित कॅसेट घरात वा नातेवाइकांकडे शिल्लक असल्यास आधी तिचेच रूपांतर करावे. बोली तीतच ऐकू येईल.

प्रत्यक्ष कृती

व्हीसीआर, यूएसबी कॅप्चर उपकरण आणि संगणक एवढी सामग्री पुरते. पिवळी तार चित्रासाठी, पांढरी व तांबडी ध्वनीसाठी जोडावी. एस-व्हिडिओची सोय असल्यास चित्र अधिक स्वच्छ मिळते. भारतातील कॅसेट सामान्यतः पाल पद्धतीच्या असल्याने संगणकावर ७२० × ५७६ हा आकार व सेकंदाला २५ चौकटी ही निवड करावी. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. घाई करता येत नाही. मिनी डीव्ही कॅसेटवरील नोंद मुळातच डिजिटल असते. ती फायरवायर तारेने जशीच्या तशी उतरविता येते आणि तासाला सुमारे १३ गीगाबाइट जागा घेते.

सुरुवातीची पाच मिनिटे उतरल्यावर थांबून आवाज तपासावा. मूळ प्रतीतील खरखर काढण्याचा मोह टाळावा, कारण तीबरोबर हलके उच्चारही पुसले जातात. कंटाळवाणे वाटणारे भागही कापू नयेत. पंगतीतील गप्पांत जी भाषा सापडते, ती औपचारिक भाषणात सापडत नाही. पाहण्यासाठी व नातेवाइकांना पाठविण्यासाठी एमपी ४ स्वरूपाची लहान प्रत वेगळी करावी.

काम व्यावसायिकाकडे द्यावयाचे असल्यास कॅसेटची संख्या लिहिलेली पावती घ्यावी, एकच कॅसेट देऊन नमुना पाहावा, केवळ डीव्हीडीवर समाधान न मानता संगणकीय फाइल मागावी आणि मूळ कॅसेट परत घ्याव्यात.

नोंद व जतन

फाइलच्या नावात वर्ष, प्रसंग व गाव असावे. सोबत एका वहीत कोण बोलत आहे, कितव्या मिनिटाला, कोणता वेगळा शब्द आला व त्याचा अर्थ काय, हे घरातील ज्येष्ठांना विचारून लिहावे. फीत उतरविणारे कोणीही भेटेल. आवाज ओळखणारी माणसे मात्र मोजकीच असतात. म्हणून ही नोंद रूपांतरापाठोपाठ लगेच करावी.

प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. चेन्नई वा पुण्यातील आप्तांचे घर किंवा बँकेतील लॉकर यासाठी सोयीचे. हार्ड डिस्क वर्षातून एकदा जोडून तपासावी व काही वर्षांनी नव्या डिस्कवर प्रत करून घ्यावी. मूळ कॅसेट कोरड्या जागी, पुस्तकाप्रमाणे उभ्या ठेवाव्यात.

सर्व कॅसेटचे काम एकदम होणे कठीण असते. तेव्हा ज्या कॅसेटमध्ये घरातील सर्वांत वृद्ध व्यक्ती बोलली आहे, ती प्रथम घ्यावी व उरलेल्या क्रमाने उतरवाव्यात.