पेटी ऐकू येते, बुवा गायब

मोबाइल सगळ्यांच्या हातात असताना मी अजून खिशात वेगळा म्युझिक प्लेअर बाळगतो. त्यावरून घरात इतकी थट्टा झाली की आता तीही शिळी झाली. छोटंसं यंत्र, चार बटणं, आत मेमरी कार्ड. भैरव रंगात आलेला असताना त्यावर कुणाचा फोन येत नाही आणि बँकेचा ओटीपीही येत नाही, हा एक गुण मला पुरतो. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडली की व्हीटीपर्यंत एक बडा ख्याल निवांत होतो. निवांत म्हणजे कानांपुरता. अंगाचं काय होतं ते त्या गाडीने जाणाऱ्यांना सांगायला नको.

जुने इअरफोन गेले तेव्हा स्टेशनजवळच्या एका दुकानातून नवे घेतले. पॅकिंग झकपक, वायरीवर माइक आणि बटण. दुकानदाराने स्वतःच्या मोबाइलला लावून ऐकवले, उत्तम वाजले. दुसऱ्या दिवशी गाडीत प्लेअरला लावले आणि मैफल सुरू झाली ती बुवांशिवाय. पेटी ऐकू येते, तंबोरे झणझणतात, तबला कुठेतरी लांब वाजतोय, आणि गाणारा मात्र विहिरीच्या तळाशी जाऊन बसलाय. पुढचं होतं बालगंधर्वांचं एक जुनं पद. तिथे तर जवळजवळ शांतताच. संध्याकाळी दुकानात गेलो. दुकानदाराने पुन्हा आपला मोबाइल काढला, पुन्हा उत्तम वाजवून दाखवलं आणि निकाल दिला, ‘साहेब, तुमचा प्लेअर गेला.’ लगेच नवीन प्लेअरची किंमतही सांगितली.

प्लेअर ठणठणीत होता. भानगड पिनेची होती. साध्या इअरफोनच्या साडेतीन मिलिमीटरच्या पिनेवर दोन काळे पट्टे असतात आणि त्यांनी पिनेचे तीन भाग पडतात: डाव्या कानाचा, उजव्या कानाचा आणि दोघांच्या परतीचा, म्हणजे अर्थचा. माइकवाल्या पिनेवर काळे पट्टे तीन आणि भाग चार. चौथा भाग माइकचा. काही प्लेअरच्या खोबणीतला अर्थचा टेकू नेमका या माइकच्या भागावर टेकतो. मग दोन्ही कानांच्या करंटला परतीची वाट उरत नाही. तो एका कानातून शिरतो आणि दुसऱ्या कानातून बाहेर पडतो, त्यामुळे डाव्या-उजव्यात जो फरक असेल तेवढाच ऐकू येतो. गायकाला ध्वनिमुद्रणात मधोमध बसवतात, म्हणजे त्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा असतो. सारख्यातून सारखं वजा होतं आणि बुवा गायब होतात. बालगंधर्वांच्या तबकड्या एकाच वाहिनीच्या, म्हणजे मोनो. तिथे डावं-उजवं पूर्ण सारखं, म्हणून सगळंच वजा.

तुमच्याकडे असं झालं तर माइकचं बटण दाबून धरा. त्या बटणाने माइकचा भाग अर्थला जोडला जातो, त्यामुळे गायक तत्क्षणी परत आला तर दोष पिनेच्या जुळणीचा, हे नक्की. प्लेअरला जाड कव्हर असेल आणि पिन शेवटपर्यंत आत जात नसेल, तरीही हाच प्रकार होतो, तेव्हा आधी कव्हर काढून बघा. बऱ्याच प्लेअरवर चार भागांची पिन बिनतक्रार चालते हेही खरं. पण नुसतं गाणं ऐकायला माइक हवाय कशाला? दोन पट्ट्यांची पिन मागा. आणि इअरफोन घ्यायला जाताना आपला प्लेअर खिशात घालून जा. दुकानदाराच्या मोबाइलवर काय वाजतं याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही.

हे झालं तारांचं. याहून जास्त लोक फसतात ते कानापाशी.

कानाच्या नळीत जाणाऱ्या इअरफोनला रबरी टोपी असते. ही टोपी नळी हवाबंद करते, आणि खालचे सूर त्या कोंडलेल्या हवेवर उभे असतात. टोपी आणि कान यांच्यात बारीकशी फट राहिली तरी खर्ज गळून जातो. वरचे सूर राहतात आणि ते उगाच टोचायला लागतात. मग माणूस म्हणतो, ‘ह्यात बेस नाही,’ आणि खोक्यावर ‘एक्स्ट्रा बेस’ छापलेला दुसरा, दुप्पट किमतीचा घेतो. त्याचीही टोपी कानात बसत नाही. पहिल्या खोक्यातली टोप्यांची छोटी पिशवी मात्र न उघडता कचऱ्यात गेलेली असते.

सहसा लहान, मध्यम, मोठी अशा तीन मापांच्या जोड्या येतात आणि कारखान्यातून मध्यम लावून येतात. तिन्ही लावून बघा. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. माझ्या डाव्या कानाला मध्यम लागते आणि उजव्याला मोठी. बसवताना दुसऱ्या हाताने डोक्यामागून कानाची वरची पाळ थोडी वर आणि मागे ओढायची, म्हणजे नळी सरळ होते, आणि इअरफोन हलका पिळत आत सरकवायचा. मग तोंड मिटून ‘हूं’ करायचं. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला आणि पंख्याचा आवाज मागे सरला, की टोपी बसली. रबर अजिबात मानवत नसेल तर फोमच्या टोप्या मिळतात. त्या चिमटून बारीक करून घालायच्या, कानात गेल्यावर त्या फुगून नळीचा आकार घेतात. लवकर मळतात, पण गच्च बसतात.

पारख कशावर करायची? दुकानदार हमखास ढणढणाटाचं गाणं लावतो. त्यावर सगळेच इअरफोन बरे वाटतात. आपण रोज जे ऐकतो, जे आपल्याला तोंडपाठ आहे, तेच लावावं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झला बोलते. सुमार इअरफोनमध्ये हा मूळ सूर जवळपास नसतोच, तरी खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण जवारीतून उठणाऱ्या वरच्या स्वरांवरून आपला मेंदू खालचा सूर भरून काढतो. म्हणून तंबोऱ्यावर एकट्यावर विसंबू नये. डग्गा ऐकावा. मनगटाच्या दाबाने ‘घे’चा घुमारा वर सरकतो आणि पुन्हा खाली उतरतो, तो प्रवास सलग दिसला पाहिजे. हलक्या इअरफोनमध्ये नुसती थाप ऐकू येते आणि घुमारा मध्येच तुटतो. ‘बेसवाल्या’ इअरफोनमध्ये डग्गा इतका सुजतो की चाट आणि पेटी दोन्ही त्याखाली दबतात. दुसरी गोष्ट शब्दांमधल्या ‘स’ आणि ‘श’ची. दहा मिनिटं बाईंचं भावगीत ऐकल्यावर ते कानाला टोचत असतील तर इअरफोन तिथेच परत द्यावा. सवयीने टोचणं कमी होईल, ही समजूत काढणारे पुष्कळ भेटतात.

‘शंभर तास वाजवा, मग खुलेल’ हे त्यांच्यापैकीच. माझ्या मते त्या शंभर तासांत खुलतं काही नाही, फक्त बदलून द्यायची मुदत संपते.

दुकानात आणखी एक गंमत चालते. दोन इअरफोन लागोपाठ ऐकवताना महागडा थोडा मोठ्याने वाजतो, कधी मुद्दाम, कधी त्याची संवेदनक्षमता जास्त असते म्हणून. मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो. तेव्हा प्लेअर आपल्या हातात ठेवा आणि प्रत्येक वेळी आवाज कमी-जास्त करून सारखा करून घ्या, मगच तुलना करा. कानात घालून बघायला पुष्कळ दुकानांत देत नाहीत. दुसऱ्याच्या कानातलं आपल्या कानात नको, हे त्यांचं म्हणणं रास्तच आहे. तिथे परतीची मुदत किती ते बिलावर लिहून घ्यायचं.

खोक्यावरचे आकडे भरपूर असतात. ‘20 ते 20,000 हर्ट्झ’ हे सगळ्यांवर असतं. ती माणसाच्या कानाची सर्वसाधारण मर्यादा, इअरफोनची प्रतवारी त्यातून कळत नाही. ड्रायव्हर किती मिलिमीटरचा, पिनेला सोन्याचा मुलामा आहे का, तेही सोडा. मुलाम्याने पिन गंजत नाही, गाणं सुधारत नाही. आकडे बघायचेच तर दोन बघा. रोध, म्हणजे इम्पीडन्स, 16 ते 32 ओहमच्या आसपास हवा. स्टुडिओतले 250 किंवा 300 ओहमचे हेडफोन छोट्या प्लेअरला पेलत नाहीत, कितीही वाढवलं तरी पुटपुटतात. आणि संवेदनक्षमता एका मिलिवॉटला 100 डेसिबलच्या आसपास किंवा वर असावी. ब्लूटूथबद्दल एवढंच म्हणतो, की जुन्या प्लेअरमध्ये बहुधा ते नसतं, आणि त्या इवल्या बॅटऱ्या काही वर्षांनी दम सोडतात, तेव्हा बदलता येत नाहीत.

आता आवाजाचं, कारण इथे पैशांपेक्षा मोठं काही जातं. नळीत न जाणारे, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे इअरफोन मला घरात आवडतात. 2001 मध्ये आयपॉड आला तेव्हा त्याच्यासोबत आलेले ते पांढरे याच जातीचे. मोकळे वाजतात, दाराची बेल ऐकू येते. पण लोकलमध्ये तेच घात करतात. बाहेरचा खडखडाट ते अडवत नाहीत, म्हणून आपण आवाज चढवत नेतो, ठाण्याला थोडा, कुर्ल्याला आणखी थोडा, आणि व्हीटीला उतरल्यावर कळतं की केवढ्याने ऐकत होतो. जागतिक आरोग्य संघटनेचं गणित असं आहे: मोठ्या माणसाने 80 डेसिबलला आठवड्यात 40 तासांपर्यंत ऐकावं, आणि तीन-तीन डेसिबल वाढले की मुभा निम्मी होत जाते. 83 ला 20 तास, 86 ला 10, आणि 90 ला आठवड्याचे जेमतेम चार तास. रोज जाऊन-येऊन दोन तास ऐकणाऱ्याची ही चार तासांची शिदोरी मंगळवारी संध्याकाळी संपते. मुलांसाठी सुरुवातच 75 डेसिबलपासून.

म्हणून गाडीसाठी गच्च बसणारा नळीतला इअरफोन घ्या, म्हणजे कमी आवाजात भागतं. आवाजाची पातळी घरी, शांततेत ठरवा आणि गाडीत ती फार वाढवावी लागत असेल तर आधी टोपी तपासा. इअरफोन काढल्यावर कानात कुईं वाजत राहिलं किंवा समोरच्याचं बोलणं दबल्यासारखं वाटलं, तर ती ताकीद समजा. प्लॅटफॉर्मवर, रस्ता ओलांडताना मात्र गच्च बसणारे दोन्ही काढून खिशात. रूळ ओलांडणाऱ्यांना तर काही सांगण्यातच अर्थ नाही. ते इअरफोन नसतानाही ऐकत नाहीत.

इअरफोन बहुतेक वेळा मरतो तो पिनेपाशी. वायर प्लेअरभोवती करकचून गुंडाळायची सवय असेल तर महिन्याभरात एक कान जातो. काटकोनात वळलेली पिन खिशात कमी ताण घेते. वायर सैल वेटोळं करून ठेवावी, आणि काढताना वायर न ओढता पिन धरावी. वायर कपड्याला घासून कानात खसखस येत असेल तर ती कानावरून मागे घेऊन खाली सोडा. तुटलीच तर टाकून देऊ नका. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पिन बदलून देणारे आहेत. आतल्या तारा केसाइतक्या बारीक असतात, बहुधा एक लाल, एक हिरवी आणि एक तांब्याच्या रंगाची, आणि प्रत्येकीवर लाखेसारखा लेप असतो. तो जाळल्याशिवाय डाग धरत नाही. कारागीर तारेचं टोक डागणीवर धरून धूर काढतो की नाही, एवढं उभं राहून बघावं. न जाळता चिकटवलेली पिन गाडीत बसेपर्यंत सुटते.

एक कान मंदावला म्हणजे वायरच तुटली असंही नाही. टोपी काढून दिव्याखाली धरा. तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यावर कानातला मळ साचलेला दिसेल. जाळी खाली करून मऊ, कोरड्या ब्रशने हळूच झाडायची, म्हणजे मळ आत न जाता बाहेर पडतो. पाणी तिथे लावायचं नाही. टोप्या मात्र कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून लावाव्या, विशेषतः पावसाळ्यात. ओल्या कानात दिवसभर रबर राहिलं की बुरशीला आयतं घर मिळतं. खाज सुटली किंवा दडा बसला तर इअरफोन बाजूला ठेवून सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. कापसाच्या काडीने स्वतः कोरत बसू नका, मळ आणखी आत जातो.