दूरच्या संगणकांचा संवाद : नियम आणि मार्ग

मुख्य कार्यालय एका शहरात, गोदामे दुसऱ्या प्रांतात आणि विक्रीकेंद्रे त्याहून दूर, अशी रचना असलेल्या उद्योगाचा हिशेब रोजच्या रोज एकत्र यावा लागतो. या गरजेसाठी आयबीएम या संस्थेने अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे विकसित केलेला ‘एएस/४००’ हा मध्यम आकाराचा संगणक २१ जून १९८८ रोजी जाहीर झाला. त्याने सिस्टिम/३६ आणि सिस्टिम/३८ या आधीच्या संगणकांची जागा घेतली. दूरच्या यंत्रांशी बोलण्याच्या अनेक पद्धती त्याला अवगत होत्या. या पद्धतींना ‘प्रोटोकॉल’, म्हणजेच संदेशवहनाची नियमावली, असे म्हणतात.

एका बिटाचे मोल

नियमावलीची आवश्यकता एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. या संगणकाच्या संकेतलिपीत १ हा अंक ११११०००१ असा, तर ९ हा अंक १११११००१ असा लिहिला जातो. दोहोंत फरक केवळ एका बिटाचा आहे. दूरध्वनीच्या तारेत क्षणभर खरखर झाली आणि तो एक बिट उलटला, तर १,००० रुपयांची नोंद ९,००० रुपयांची होते. चूक करणारा कारकून नसतो आणि चूक दिसतही नाही. म्हणून संदेश कोणी सुरू करावा, तो कोठे संपला, तो बिनचूक पोहोचला काय आणि न पोहोचल्यास काय करावे, हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून घ्यावे लागते.

जुनी पद्धत आणि तिची मर्यादा

सर्वांत साधी पद्धत असमकालिक होय. तीत प्रत्येक अक्षराच्या आधी आरंभदर्शक व नंतर समाप्तिदर्शक बिट जोडतात. आठ बिटांच्या अक्षरासाठी दहा बिट पाठवावे लागतात, म्हणजे मार्गाचा एक पंचमांश भाग केवळ खुणांवर खर्च होतो. इतर कंपन्यांच्या साध्या यंत्रांशी संपर्क साधण्यास ती सोयीची होती.

१९६७ सालच्या ‘बायसिंक’ पद्धतीत अक्षरांचा गठ्ठा पाठवून त्याची पोच येईपर्यंत थांबावे लागे. जवळच्या अंतरावर हे चालून जाई. पण भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश जाण्यास पाव सेकंद व पोच येण्यास पाव सेकंद लागतो. सेकंदाला ९,६०० बिट वेगाच्या मार्गावर २५६ अक्षरांचा गठ्ठा एक पंचमांश सेकंदात निघून जातो. त्यानंतर अर्धा सेकंद मार्ग रिकामा राहतो. भाडे पूर्ण वेळेचे आणि काम जेमतेम एक तृतीयांश वेळेचे, असा हा व्यवहार होई.

एसडीएलसी आणि एक्स.२५

आयबीएमने १९७४ साली जाहीर केलेल्या जाळेरचनेत ‘एसडीएलसी’ ही सुधारित पद्धत आली. तीत प्रत्येक चौकटीच्या दोन्ही टोकांना ०११११११० ही खूण असते. मजकुरात हीच खूण चुकून येऊ नये, म्हणून सलग पाच १ आल्यावर पाठविणारे यंत्र एक ० घालते व घेणारे तो काढून टाकते. चौकटीच्या शेवटी सोळा बिटांचा तपासअंक असतो. तो जुळला नाही तर ती चौकट पुन्हा मागविली जाते. सात चौकटी पाठोपाठ पाठवून एकदाच पोच घेता येत असल्यामुळे वरील उदाहरणातील रिकामा वेळ सुमारे एक चतुर्थांशावर येतो. एकाच तारेवर अनेक केंद्रे जोडता येतात. मुख्य यंत्र प्रत्येकाला क्रमाने विचारते आणि ज्याला विचारले तेच उत्तर देते.

१९७६ साली आंतरराष्ट्रीय तार व दूरध्वनी सल्लागार समितीने संमत केलेली ‘एक्स.२५’ ही पद्धत सार्वजनिक जाळ्यासाठी होती. संदेशाची छोटी पाकिटे करून ती इतरांच्या पाकिटांसमवेत एकाच जाळ्यातून पाठविली जात. ज्यांची देवाणघेवाण थोडी, त्यांना स्वतंत्र तार भाड्याने घेण्याची गरज उरली नाही.

नोंदीची शिस्त

एएस/४०० संगणकावर कोणताही दूरसंपर्क सुरू करण्यापूर्वी मार्ग, नियंत्रक आणि उपकरण यांची वर्णने नोंदवावी लागत. दोन्ही टोकांच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर तार उत्तम असूनही संवाद होत नसे.

१९९० च्या दशकात इंटरनेटच्या प्रसाराबरोबर ‘टीसीपी/आयपी’ ही नियमावली सर्वत्र रूढ झाली आणि जुन्या पद्धती मागे पडल्या. या संगणकाची कार्यप्रणाली २००८ पासून ‘आयबीएम आय’ या नावाने ओळखली जाते. साधने बदलली, तरी क्रमांक, तपासणी, पोच आणि पुनःप्रेषण ही तत्त्वे टिकून आहेत.

कोणत्याही कार्यालयाने दूरची केंद्रे जोडताना यंत्राच्या वेगाइतकेच चार प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : चूक कशी ओळखली जाईल, मार्ग किती वेळ रिकामा राहील, भाडे कशावर आकारले जाईल आणि दुसऱ्या टोकाचे यंत्र हीच नियमावली जाणते काय? या प्रश्नांची उत्तरे खरेदीपूर्वी मिळाली, तर सार्वजनिक पैसा वाचतो आणि दूरच्या केंद्रात नोंदविलेला १ मुख्य कार्यालयातही १ च राहतो.